मी आजारी असल्याची बातमी

अंबरीषच्या घरून, ग्योतोकू,
मंगळवार, २१ ऑक्टोबर

प्रिय अक्षया,

शनिवार, ४ ऑक्टोबर रोजी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी तू मला हृदयविकार दिलास. वेळ नक्की माहीत आहे, कारण आपली बस चुकते की काय म्हणून मी तेव्हा मोरिता-सानच्या द्राक्षमळ्यावर, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडेच बघत होते. तुम्ही दोघी जपानीत बोलत होतात. बोलता बोलता मोरिता-साननी माझ्याकडे फार कळवळून पाहिलं. मला वाटलं, द्राक्षांचं काहीतरी चाललंय. म्हणून मी हसून नंदीबैलासारखी तीनदा मान डोलावली. म्हणजे स्वतःच्या आजाराला मीच दुजोरा दिला.

काल इथे अंबरीषच्या पत्त्यावर मोरिता-सानचं पत्र आलं. इंग्रजीत, निळ्या शाईत, आणि अक्षर असं की आमच्या सिस्टरांनीच घोटून घेतलंय म्हणावं. त्या हाकोदातेच्या नन्सकडे शिकल्या, मी पुण्याच्या, हे त्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांतच निघालं होतं. जेवण झाल्यावर दोघींनी एकाच वेळी उठून खुर्च्या टेबलाखाली सरकवल्या, तेव्हा तूच हसलीस. तर त्या लिहितात : हृदयाचं दुखणं तुम्ही किती धीराने लपवलंत, आमच्या मळ्याचा चढ तर लेकीच्याही पुढे चढून गेलात. तुमच्यासाठी तिला मार्चमध्ये पुण्याला परतावं लागणार, इथलं काम घेता येणार नाही, हे मी समजू शकते. असा प्रश्न विचारून तुम्हाला संकोचात टाकलं, क्षमा करा.

मी ते मोठ्याने वाचायला नको होतं. ‘हार्ट’ शब्द ऐकल्याबरोबर अंबरीषने माझ्यासमोरची लोणच्याची बरणी उचलली. मामी, खरं सांगा, किती दिवसांपासून आहे, म्हणून तो मागे लागला. त्याच्या दिपालीने रक्तदाबाचं यंत्र आणून दंडाला पट्टा गुंडाळला. एकशे चोवीसवर अठ्ठ्याहत्तर. मग अंबरीष म्हणतो कसा, मामी, इथे सरळ नाही म्हणता येत नाही, आईचं दुखणं सांगितलं की पुढे कोणी काही विचारत नाही, ऑफिसात मीसुद्धा दोनदा सांगितलंय. म्हणजे माझी नणंदही तिकडे डोंबिवलीत बसून आजारी आहे आणि तिला पत्ता नाही!

फोनवर विषय काढला असता तर ‘आई, लॅबमध्ये आहे, नंतर बोलू’ म्हणाली असतीस. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात चौतीस वर्षं काढल्यावर मला एवढं कळतं, की तोंडी तक्रार हवेत जाते. इंग्रजीत लिहिलं असतं, पण इंग्रजीत मी फार सभ्य होते.

मोरिता-सानकडचे ते पाच दिवस चांगले गेले, हेही नोंदवते, नाहीतर म्हणशील आईला फक्त खोट काढता येते. होक्काइदोला बेट म्हणायचं आणि दोन तास गाडीतून जाऊनही समुद्र दिसायचा नाही, हे मला पटायला वेळ लागला. इतकं रिकामं जंगल मी कुठे पाहिलं नव्हतं. पायवाटेच्या तोंडाशी अस्वलाच्या चित्राची पाटी, आणि तू माझ्या पर्सला घंटा बांधून म्हणालीस, आई, तू बोलत राहिलीस तरी पुरे, घंटेचीही गरज नाही. आगाऊ कुठली. लोण्यात परतलेले ते बटाटे, तो साखरेसारखा भोपळा. मी दोनदा मागून घेतलं. आणि वाइन. शाळेच्या चॅपलमध्ये लांबून वास घेतला होता, त्यानंतर एकसष्ट वर्षांनी चव. कोवळ्या चिंचेच्या पाल्यासारखी आंबट, मग मागाहून गोड. मावशीला सांगू नकोस.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या वाइनच्या कोठाराबद्दल. तिथे त्या मोठाल्या टाक्या होत्या, वर फेस आलेला. तू बाह्या सारून एका टाकीवर वाकलीस, वास घेतलास आणि काहीच न मोजता म्हणालीस, हिचं आंबणं थांबलंय. मोरिता-साननी काचेची नळी बुडवून पाहिली. थांबलंच होतं. मग तासभर तुला माझी आठवण नव्हती. द्राक्षांच्या सालीवर आपोआप येणाऱ्या यीस्टबद्दल तू त्यांना काहीबाही सांगत होतीस, हातवारे करत होतीस, आणि मधेच शिट्टी वाजवलीस. तू बारा वर्षांची असताना मी तुझं शिट्टी वाजवणं बंद केलं होतं. सेंदाईत तुझ्या खोलीवर मी तीन आठवडे राहिले, तिथे एकदाही ऐकली नाही. तिथे तू सात वाजता निघायचीस, रात्री येऊन बंद डब्यातलं गार जेवायचीस, आणि तुझं लॅबचं मार्चमध्ये संपणारं कंत्राट हा विषय निघाला की कचऱ्याचे डबे वेगळे करायला उठायचीस.

त्या बाईंना मूलबाळ नाही. मळा कोणाच्या तरी हाती द्यायचाय, आणि त्यांनी तुला निवडलं. तू त्याला नाही म्हणालीस, आणि कारणाच्या जागी मला ठेवलंस. खोटं कशाला बोलू, पत्र वाचून पहिल्यांदा मला बरंच वाटलं. लेक माझ्यासाठी परत येतेय! चहा होईपर्यंत मी त्या आनंदात होते. मग तुझा तो फेसाने माखलेला हात आठवला आणि चहा तसाच राहिला. अगं, मी रोज सकाळी पर्वती चढते. भाजीवाल्याशी भांडते. मला बघायला म्हणून घरी येशील, आणि घरात बसून मला बघत बसशील, तर महिन्याभरात मला खरंच काहीतरी होईल.

तू का आलीस या थराला, ते मला माहीत आहे. रोज साडेआठचा तुझा फोन गेली दोन वर्षं एकदाही चुकलेला नाही. ते प्रेम आहे, पण त्यात शिक्षा भोगल्यासारखंही काहीतरी आहे. तुझ्या बाबांच्या तेराव्याला, सगळ्यांच्या देखत, मी म्हणाले होते की पोरगी तिकडे जंतूंची सेवा करत बसली आणि बाप शेजाऱ्यांच्या खांद्यावरून गेला. तू हातातली कपबशी विसळून पालथी घातलीस आणि आत गेलीस. आता जे लिहिते ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी मला मंगळवारी सांगितलं होतं, की मुलीला बोलावून घ्या. मी तुला फोन केला गुरुवारी रात्री. तुझे बाबा म्हणाले, गुरुवारी तिचं मोठं भाषण आहे, तिची तीन वर्षांची मेहनत आहे, ते होऊ दे, मग कळव. मी हो म्हटलं. आम्हा दोघांनाही वाटलं, तेवढा वेळ आहे. नव्हता. तू उशिरा आली नाहीस, अक्षया. मी उशिरा कळवलं. आणि लोक माझ्याकडे बघत होते म्हणून मी तुझ्याकडे बोट दाखवलं. हे पत्र रागाने लिहायला घेतलं खरं, पण पाठवतेय ते एवढ्यासाठी. मोरिता-सानना मी आजच उत्तर टाकलंय, की माझी प्रकृती उत्तम आहे आणि मुलीचा निर्णय तुम्हाला मुलगीच कळवेल. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय, मन बदललं तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत त्या थांबतील. तू जा किंवा जाऊ नकोस. पुण्याला यायचं असेल तर पुणं आवडतं म्हणून ये. मला क्षमा करायची की नाही, त्याला मुदत घालण्याचा अधिकार मला नाही. मळ्याचं मात्र हो की नाही, आणि का, हे मला लेखी हवं. कारणांत माझं नाव दिसलं तर उत्तर परत पाठवीन. शनिवारी, १ नोव्हेंबरला, माझं विमान आहे. शुक्रवार, ३१ ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत तुझं पत्र इथे, माझ्या हातात, पोचलं पाहिजे.

तुझीच,
ठणठणीत
आई