विणलेलं म्हणजे स्वेटरच

३ नोव्हेंबर, सोमवार
आणि वर कस्टमवाले मलाच विचारतात, माल नक्की काय आहे म्हणून! डोळे आहेत की नाहीत? लहान पोरांचे बर्फात घसरायचे कपडे. जाड पँट, वर कोट. शाळांच्या मनालीच्या ट्रिपा निघायच्या आत दुकानात लागायला हवेत, आणि माल पडलाय लोणी काळभोरच्या पुढे, कस्टमच्या गोदामात. का, तर कागदावर विणलेला लिहिलाय आणि माल विणलेला नाही. कस्टममधून माल सोडवणाऱ्या क्लिअरिंगवाल्या उत्तरेश्वरला फोनवर म्हटलं, अरे, विणल्याशिवाय कापड आभाळातून पडतं का? फोनच ठेवला. म्हणजे पटलं.
घाबरण्यासारखं काही नाही.

४ नोव्हेंबर
घाबरण्यासारखं आहे. नोटीस आली, इंग्रजीत, कल्याणीच्या नावाने. माझी शाळा चौथीपर्यंत, म्हणून आयातीच्या परवान्यावर लेकीचं नाव घातलं होतं. १४ तारखेला तिला हजर राहायला सांगितलंय. वीस तारखेला तिची कंपनी तिला जर्मनीला पाठवतेय, दोन वर्षांसाठी. विमानतळावर पण कस्टमचीच माणसं बसतात. नाव वाचलं की ओळखतील.
तिला सांगायचं नाही. मी निस्तरते.

६ नोव्हेंबर, दुपारी दोन
उत्तरेश्वर दुकानात आला. म्हणाला, मावशी, सुयांवर विणतात तो स्वेटर, त्याचा कस्टमच्या यादीतला कोड वेगळा. मागावर विणतात ते कापड, त्याचे शिवलेले कपडे, त्यांचा कोड वेगळा. इंग्रजीत दोन शब्द आहेत. मी म्हटलं, मराठीत एकच आहे ना? म्हणाला, सरकारचं पुस्तक मराठीत नाही. मग ती त्यांची चूक!
म्हणाला, मी तुम्हाला विचारलं होतं विणलेलं का, तुम्ही हो म्हणालात, वर स्वेटरच समज म्हणालात. म्हणाले असेन. आमच्याकडे थंडीत घालतात तो स्वेटर.
ठरलं. चौदाच्या शुक्रवारी कल्याणी म्हणून मीच जाणार. आधार कार्डावरच्या फोटोत कुणीच ओळखू येत नाही.

८ नोव्हेंबर
आमच्या ह्यांना सांगितलं. पेपर खाली न घेता म्हणाले, जा की, केस तेवढे काळे कर. म्हटलं, अहो, चेष्टा कसली सुचते? इथे माझ्याकडून दोनदा चहा सांडला. म्हणाले, मला अर्धाच देत जा मग.

१० नोव्हेंबर, सोमवार
शुक्रवारपर्यंत धीर निघेना. पिशवीत अर्धा विणलेला स्वेटर आणि सुया घेतल्या आणि गाठलं गोदाम. कल्याणीची आई म्हणूनच साहेबांना समजावून सांगितलं. साहेब सज्जन निघाला, त्यानेच जास्त भीती वाटली. म्हणाला, बाई, होते अशी चूक. लिहून द्या, कोड बदलून घ्या. पण ज्यांची सही आहे त्यांनीच लिहून द्यायचं.
मग कागद माझ्याकडे फिरवून विचारलं, ही सही कुणाची? म्हटलं, लेकीची. त्याने शेजारी परवान्यावरची तिची सही धरली. कल्याणी सही इंग्रजीत करते, एका झटक्यात. ही मराठीत, एकेक अक्षर सुटं, वर पट्टीने मारल्यासारखी रेघ. त्या दिवशी ती ऑफिसात होती, उत्तरेश्वरला घाई होती, म्हणून मीच ठोकली. घरच्या घरात काय सही अन् काय नाही!
म्हणाला, शुक्रवारी त्यांना घेऊनच या.


११ नोव्हेंबर
आज कल्याणीला सांगणार होते. ती बॅग भरत होती. उद्या सांगते.

१२ नोव्हेंबर, बुधवार, संध्याकाळ
सांगावं लागलं नाही. कागदावर फोन नंबर तिचाच. उत्तरेश्वरने शुक्रवारची आठवण करून द्यायला तिलाच लावला.
ओरडली असती तर बरं झालं असतं. दुकानात येऊन स्टुलावर बसली आणि विचारलं, आई, किती कागदांवर? म्हटलं, एकच. मग म्हटलं, तीन. मग आणखी एक आठवला, तो सांगितला नाही.
म्हणाली, सही माझी नाही म्हटलं तर तू अडकतेस. माझी आहे म्हटलं तर मी खोटं बोलते, तेही सरकारी साहेबासमोर, जायच्या सहा दिवस आधी. मी म्हटलं, अगं, आपण दोघी जाऊ, मी बोलते. म्हणाली, तू बोलायचं नाहीस. बोलायचं मलाच आहे, पण काय बोलायचं ते तू ठरव. उद्या गुरुवार. शटर ओढायच्या आत मला उत्तर हवंय.