उंदराच्या छातीतला रेशमी दोरा

माय,

तू गेल्यानंतर मी काय काम करायला लागले, ते तुला सांगायचं राहूनच गेलं. पुण्यात एका प्रयोगशाळेत मी उंदरांवर शस्त्रक्रिया करते. भूल दिलेल्या उंदराची छाती जराशी उघडायची, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीखालून रेशमी दोरा घालायचा, धमनीला लागून बोथट सुई ठेवायची, दोन्हींभोवती गाठ मारायची आणि सुई ओढून घ्यायची. सुईएवढीच वाट उरते. तिच्यातून रक्त ढकलता ढकलता हृदय आधी जाड होतं, मग फुगतं, मग थकतं. माणसाचं हृदय कसं थकतं ते कळावं, म्हणून हे सगळं.

लोणखेड्याच्या आपल्या स्वयंपाकघरात एकदा पिंजऱ्यात उंदीर सापडला होता. मी पिंजरा पाण्याच्या टोपात अर्धाच बुडवून बघत बसलेय, तू भाकरी थापतेयस. पिठाच्या हातानंच माझं मनगट धरलंस. "मारनं व्हई ते एकदाव मारी टाक. जीवना आसा हाल करू नको." त्या दिवशी जेवताना तुझ्याकडे बघवलं नाही.

परवा प्रयोगशाळेत एक उंदीर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग फुलवून बसला होता. श्वास लागलेला, खाणं तसंच पडलेलं. त्याच्या हृदयाची शेवटची सोनोग्राफी दोन दिवसांवर होती. आमच्या प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "टिकेल तोवर. नाहीतर सहा आठवडे फुकट जातील." मी म्हटलं, "सर, याला ठेवणं नियमात बसत नाही. आणि मला बघवतही नाही." ते वाकून बराच वेळ पिंजऱ्यात बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. आजच कर." जास्तीची भूल देऊन मी त्याला शांत केलं. नंतर त्याचं हृदय वजनाला हातात घेतलं. टपोऱ्या हरभऱ्याएवढं.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी तुझा एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, हृदय मोठं झालंय. बाहेर बाकावर सुजलेले पाय चोळत तू हसलीस. "मन्हं काळीज ते पहिलेपाईन मोठं शे." मग हळूच विचारलंस, "बरं शे ना पण?" मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. म्हटलं, "हो माय, बरंच आहे."

तेव्हा मला काही कळत नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत आले. हा कागद कुणाच्या हाती जायचा नाही, म्हणून लिहिते. हृदय मोठं होतं म्हणजे ते थकत चाललेलं असतं, हा धडा कॉलेजात आदल्याच आठवड्यात झाला होता. मला कळलं होतं.