स्ट्रुअनची कोरी वही

मंगळवार, ४ फेब्रुवारी

वॉटी पुन्हा निसटला! मी मागे कोळसे आणायला गेले, तेवढ्यात. बंदरावर सापडला — पायात सपाता, हातात माझी छत्री. म्हणे बोट सुटेल. बोट विकून नऊ वर्षं झाली, पण नवऱ्याला ते रोज नव्याने कोण सांगणार.

आपल्या चौकीच्या स्ट्रुअनने गाडीत घालून आणला. चहा घेतला, वही काढली नाही. "कागदावर आलं की जिल्हा परिषदेची माणसं चौकशीला दारात येतात, एफीबाई." असा पोलीस मिळायला नशीब लागतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

गावसमितीची चिटणीस मी, म्हणजे वाईट बातमी आधी मलाच. आपल्या किर्कडॅरन गावची चौकी बंद करायचं पोलिसांच्या वरच्या लोकांच्या मनात आहे. वर्षभरातले गुन्हे — शून्य. वीस तारखेला परिषदेची समिती मत देणार.

शून्य असणारच! स्ट्रुअन सगळी भांडणं लोकांच्या स्वयंपाकघरात बसून मिटवतो आणि लिहीत काहीच नाही. तो गेला तर जवळचा पोलीस अठ्ठावीस मैलांवर. तोवर वॉटी समुद्रात.

थोडी रडले. मग पत्र फायलीला लावलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सभा झाली. हॉलचा हीटर बंद, सगळे कोट घालून. ठरलं असं — दर घराने रविवारपर्यंत एक तरी तक्रार लेखी द्यायची. सुचवलं मीच. चर्चच्या पाद्रीणबाई म्हणाल्या, खोटं बोलणं पाप आहे. निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, दानपेटीचं कुलूप मोडलं असं चालेल का?

रविवार, १६ फेब्रुवारी

तेवीस तक्रारी! ड्यूगल कार्सनने शिडी चोरल्याचा आळ शेजारणीवर घेतला. शिडी तिचीच आहे, हा तीन वर्षं वापरतोय. मॅक्वर्टरचा मेंढा हरवला. तक्रार देताना मेंढा मागे गाडीतच होता. स्ट्रुअनने सगळं लिहून घेतलं, चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

वॉटी घरातच. दिवसभर दोर वळत बसला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

परिषदेत गेलो, अख्खी बस भरून. समितीच्या अध्यक्षबाईंनी तक्रारी चष्मा लावून एकेक वाचल्या. मेंढा सापडला का, विचारलं. मॅक्वर्टर म्हणाला, तसा तो लांब गेलाच नव्हता.

बाईंनी चष्मा काढला. "यातली एक तरी खरी आहे का?"

सगळं हातातून निसटत चाललं होतं. मी उठले.

"माझी लिहून घ्या. माझा नवरा सप्टेंबरपासून अकरा वेळा हरवला. अकराही वेळा या पोराने शोधून आणला. एकदा कमरेएवढ्या पाण्यातून."

तारखा सांगितल्या. सगळ्या या वहीत होत्याच. कारकून भराभर लिहीत होता. समोर स्ट्रुअन माझ्याकडे बघून सारखी नको-नको अशी मान हलवत होता. मला वाटलं, कौतुकाने लाजला.

शुक्रवार, ७ मार्च

परिषदेची दोन पत्रं. एकात — चौकी राहणार.

दुसरं वेगळ्या खात्याचं. अकरा नोंदी पाहता श्री. वॉल्टर हॅने — म्हणजे आमचा वॉटी — यांना घरी ठेवणं सुरक्षित आहे का, हे बघायला सोमवारी दोन जण येतील. शहरातल्या वृद्धाश्रमात त्यांच्यासाठी एक खाट राखून ठेवली आहे.

स्ट्रुअन येऊन बसला, टोपी मांडीवर. चहा घेतला नाही.

वॉटीने विचारलं, कोण येणार आहे? पाहुणे, म्हटलं. त्याने सपाता काढल्या आणि चांगले बूट घालून बसला.