पाईपचं दुसरं टोक

मरोळ, अंधेरी
ता. ९ मार्च १९७४

प्रिय गिल्बर्ट,

अंगठा मीच दाबला होता. आधी हे लिहून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा मस्करी करत बसेन आणि राहून जाईल.

तू बहारीनला गेल्यावर तुझ्या पप्पांनी मला त्यांच्या साइटवर लावलं. इथे लाद्यांची लेव्हल काढायची होती. पाण्याने भरलेला लांब पाईप, दोन्ही टोकांचं पाणी एका रेषेत येतं, तिथे भिंतीवर खूण करायची. एक टोक माझ्या हातात, दुसरं बिल्डरच्या सुपरवायझरच्या, श्यामकांतच्या. इस्त्रीची पॅन्ट, खिशाला दोन पेनं, आणि मला सारखं "ए, नीट धर रे!" मी मनात म्हटलं, थांब बेट्या. पाईपच्या तोंडावर अंगठा दाबला. पाणी हलेचना. त्याची खूण तीन इंच चुकली. वाटलं, परत तपासेल, वेडा होईल, मग हसून सांगू. त्याने तपासलंच नाही. माझ्यावर भरवसा ठेवला यार. दुसऱ्या दिवशी मी मढला सगुणाआत्याकडे लग्नाला गेलो. चार दिवसांनी येऊन बघतो तर अख्ख्या मजल्यावर लाद्या बसलेल्या आणि मोरीचं पाणी थेट हॉलमध्ये. मग माझं तोंडच उघडेना.

वाट लागली. बिल्डर म्हणे, काम भिकार, सगळं उखडा, बिल देणार नाही. पप्पा म्हणाले, करारात लिहिलंय, लेव्हल तुमचा माणूस देणार, आम्ही तशी लादी बसवणार. वकिलांच्या नोटिसा झाल्या. तुझ्या आईच्या बांगड्या गहाण पडल्या, हे तुला कोणी कळवलं नसेल. शेवटी एक रिटायर इंजिनियर पंच म्हणून बसवला. त्याने मला विचारलं, "पाईपचं तोंड उघडं होतं का रे?" मी काही बोलायच्या आत पप्पाच म्हणाले, "साहेब, चंदू बदमाश आहे, पण कामात खोटं करायचा नाय." मी म्हटलं, उघडं होतं साहेब.

खरं बोललो असतो तर पप्पा हरले असते, मी त्यांचा माणूस ना. असं आता म्हणतो. पण तेव्हा डोक्यात पप्पा नव्हते रे, फक्त माझी फजिती होती.

पप्पा जिंकले. श्यामकांतला बिल्डरने काढून टाकलं.

परवा तो नाक्यावर भेटला. वाटलं, मारतो आता. त्याने चहा पाजला. म्हणाला, "चंदू, दुसऱ्या टोकाला तू होतास. माझं चुकलं कुठे, सांग ना. परत कुठे काम मिळालं तर तीच चूक नको." त्याच्या बायकोला, शुभाला, सातवा महिना आहे. मी म्हटलं, होतं असं कधी कधी, साहेब. तो मान हलवत राहिला.

आता हे का लिहितोय ते ऐक. पप्पांनी काल तुला पत्र टाकलंय. मुलुंडच्या नव्या कामावर मला मुकादम करणार आहेत. 'चंदूच्या खरेपणाने आपलं घर वाचलं' असं लिहिलंय त्यात, मला वाचूनही दाखवलं. मी मान खाली घालून उभा, तर म्हणतात, बघ, लाजला! ते पत्र तू खोलीतल्या सगळ्यांना कौतुकाने वाचून दाखवशील. ते नको. श्यामकांतला सांगायची हिंमत झाली तर मीच सांगेन, अजून नाही झाली. तोवर मला हव्या तेवढ्या शिव्या लिही, पण पाकीट माझ्या नावाने टाक. पप्पांना कळवू नकोस, आईला नको, तुझ्या बहिणीला, सिसिलियाला, तर नकोच. पाया पडतो गिल्बर्ट, कोणाला सांगू नकोस.

तुझाच, ठेवलास तर,
चंदू