सोळा पाट्यांना तीन बोटं विभूती

मुखेड, बुधवार

ती. वीरण्णा दाजींच्या चरणी बसवंतचे शरणु शरणार्थी.

तुमची तब्येत बरी असेल, गुडघा ऐकत असेल आणि अक्का नेहमीप्रमाणे तुमचं ऐकत नसेल, असं धरून चालतो. आम्ही सगळे मजेत. फोन तुम्ही घेत नाही (दीड वर्ष झालं, चालायचंच, माणूस कामात असतो), म्हणून हे पत्र लातूर गाडीच्या कंडक्टरच्या हाती देत आहे. तो तुमच्या दुकानाशेजारीच चहा पितो. गैरसमज नको, मागणं काही नाही. नुसती खुशाली.

खुशालीत एवढंच की आपला ट्रक सध्या अंगणात लाकडी ठोकळ्यांवर उभा आहे. पुढच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबून बसले होते, खड्ड्यात चाक गेलं की म्हाताऱ्यासारखा कण्हायचा. येत्या रविवारी बसव जयंती. बाबा होते तेव्हापासून, अकरा वर्षं, बसवेश्वरांची मूर्ती आपल्याच ट्रकवरून मिरवते, हे तुम्हाला मी काय सांगावं. गेल्या गुरुवारी नागप्पाअण्णांनी (समितीचे अध्यक्ष, शिवाय नुकताच नवा ट्रॅक्टर घेतलेले) सहज विचारलं, "बसवंता, गाडी नीट चालून राहिली न्हवं? न्हाई तर आमचा ट्रॅक्टर हाय." तो "हाय" मला फार झोंबला. बाबांच्या माघारी त्यांचा मान माझ्या हातून जातो की काय, या धास्तीनं मी त्याच दिवशी पाना उचलला.

तुम्ही म्हणाल, मुखेडातले मिस्त्री काय गाव सोडून गेले होते? नव्हते गेले. पण कुणाकडेही जावं तर पहिला प्रश्न ठरलेला, की तुमचे दाजी लातूरला एवढे नावाजलेले पाटेवाले, अन् तुम्ही आमच्याकडं कसे? याला उत्तर काय देणार? की त्याच दाजींच्या दुकानात, खंडेनवमीच्या पूजेला, चार गिऱ्हाइकांसमोर मी म्हणालो होतो, पाटे बसवणं म्हणजे भाकरीवर भाकरी रचणं, त्याला डोकं कशाला लागतंय? (लागतं, दाजी. डोकं लागतं, पाठ लागते, कंबर लागते आणि डाव्या पायाचा अंगठाही लागतो. त्याचं नख गेलं.)

पहिल्या दिवशी नट हलेनात. त्यांवर डिझेल ओतलं, पान्याला लांब पाइप जोडला आणि पाइपाला मी लोंबकळलो. नट जागचा हलला नाही, पाइप निसटला आणि मी म्हशीच्या हौदात जाऊन बसलो. म्हैस त्या दिवशी त्या हौदाचं पाणी प्यायली नाही. दुसऱ्या दिवशी नट निघाले. पण पाट्यांना शिकंजा आवळल्याशिवाय मधला बोल्ट सोडायचा नसतो, हे मला कळलं ते सगळे पाटे ताडकन उघडून उमादेवीच्या पापडांच्या बाजेवर जाऊन पडल्यावर.

तरीही मी अगदीच बिनडोक नाही. दोन्ही बाजूंचे आठ-आठ पाटे पुसून ओट्यावर मांडले आणि खडूनं खुणा केल्या. डावीकडच्यांना एक रेघ, उजवीकडच्यांना दोन, आणि रेघ फक्त पुढच्या टोकाला, म्हणजे पुढचं-मागचं कळावं. आपल्या हुशारीवर खूश होऊन सोमवारी सकाळी पाट्यांच्या टोकांत बसणारे बुश आणायला बाजारात गेलो. परत येऊन बघतो तर सोळाच्या सोळा पाटे ओल्या फडक्यानं पुसलेले, आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना विभूतीची ठसठशीत तीन बोटं. उमादेवी समाधानानं म्हणाली, "देवाची गाडी हाय, लोखंडाला विभूती पायजेच. तुमी कुणाला एक बोट ओढलं होतं, कुणाला दोन. अर्धवट ठेवू नये म्हणून म्या तीन-तीन पुरी केली." बायको भाविक असली की नवऱ्यानं खुणा चार रेघांच्या कराव्यात, हे तुमच्या धंद्यात शिकवतात का?

मंगळवारी अंदाजानं बसवले. उजवीकडचे पाटे बाबांनी पूर्वी कधीतरी बदललेले, त्यांना बाक जास्त. आता कुठले कुठे गेले ते त्या शंकरालाच ठाऊक. ट्रक डावीकडे असा झुकला की कुणी कानात काही सांगतंय आणि तो ऐकतोय. वर पुढचं-मागचंही उलटलं असणार, कारण बाहेर काढला तर तोंड बाजाराकडे आणि चाल कंधारकडे. कोपऱ्यावर नागप्पाअण्णा उभे होते. त्यांनी हात जोडले, ते मला की वाचलेल्या विजेच्या खांबाला, हे विचारायला मी थांबलो नाही. ट्रक तसाच अंगणात आणून पुन्हा ठोकळ्यांवर चढवला.

असो. काळजीचं कारण नाही. हाताला वळण लागलं आहे, रविवारपर्यंत होऊन जाईल. अक्काला नमस्कार.

आपला,
बसवंत

ता. क. डावा-उजवा पाटा बाकावरून कसा ओळखायचा, ते याच कागदाच्या मागं चार ओळींत लिहून द्यावं. कंडक्टरचा चहा होईपर्यंत होईल.

पुन्हा ता. क. उमादेवी खांद्यावरून वाचून म्हणाली, यांना चार ओळींत काय, चार महिन्यांतही कळणार न्हाई. तेव्हा शनिवारी पहिल्या गाडीनं तुम्हीच या. लोखंडाला हात लावू नका, खुर्ची टाकून देतो, बसून शिव्या द्या. (तुम्ही येणार असं नागप्पाअण्णांना कालच सांगून टाकलं आहे.)

शेवटचा ता. क. दाजी, चुकलो. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं, पण तीन कागद फाडले तरी जमलं नाही. तुमच्या दुकानात, तुमच्याच गिऱ्हाइकांपुढे मी तसं बोलायला नको होतं. ट्रक नीट नाही झाला तर मूर्ती ट्रॅक्टरवरून जाऊ दे, पण तुम्ही या. दीड वर्ष अक्का एकटी येते, आणि उंबऱ्याशी चप्पल काढताना दर वेळी एकदा मागं वळून बघते. ते मला बघवत नाही.