पंतोजींनी दाखवलेलं दार

सोमवार
पोहोचले एकदाची ताईकडे. वरची खोली माझी. खिडकी, टेबल, भिंतभर कपाट, आणखी काय हवं? भाऊजींनी इंटरनेटची तार स्वतः वर ओढून दिली. त्यांच्या घराची कुलपं ज्या प्रोग्रॅमवर चालतात, त्याच मुक्तस्रोत प्रकल्पात आजपासून मी रुजू. कुठकुठली माणसं मिळून तो फुकट लिहितात. माझ्याकडे पंतोजी सोपवलेत. पंतोजी म्हणजे प्रोग्रॅम न चालवता, नुसता वाचून चुका काढणारं साधन. सारखी कटकट, म्हणून हे नाव. ताई म्हणाली, तुमची छान जोडी जमेल.

मंगळवार
सरावाला पंतोजींना या घराच्या कुलपांची फाईल दिली. सूचनांचा नुसता भडिमार! बहुतेक फालतू. एक मात्र डोक्यात राहिली: ‘वरचं मागचं दार उघडलं जातं, बंद केलं जात नाही.’ वर मागचं दारच नाही. भाऊजी हसले. फाईलमधली त्या दाराची ओळ मी पुसून टाकली.

गुरुवार
ओळ परत आलीय. लिहिणाऱ्याच्या जागी माझं नाव. प्रकल्प सांभाळणाऱ्या नानांना कळवलं. त्यांचं उत्तर, खोटी सूचना दिसतेय, गप्प करून टाक. केली. तरी चैन पडेना, सकाळभर येरझाऱ्या घातल्या. कपाटामागून गार वारा येतोय.

शुक्रवार
भाऊजींनी कपाट सरकवून दिलं. मागे कोरी भिंत. ते खाली गेल्यावर मी हात टेकवला, तर भिंत दारासारखी आत गेली. आत अंधार. आत पाऊल टाकून ओढलं, रेटलं, मिटत नाही. ताईला वर आणलं. तिला भिंतच दिसते. म्हणाली, जरा झोप काढ.
पंतोजींची नवी सूचना: ‘कोणीतरी आत येतं. बाहेर पडायची वाट नाही.’

शनिवार
ताईने दोनच पानं वाढली. माझं नाव घ्यायला गेली आणि अडखळली. भाऊजींनाही ते आठवेना— मी समोरच बसले होते.

रविवार, दुपार
जिना उतरले की पुन्हा हीच खोली. पुन्हा उतरले. पुन्हा हीच.
नवी सूचना: ‘ताईपर्यंत कोणीच पोहोचत नाही.’
टेबलाशी बसून लिहितेय. ताई वर आलीय, चादर काढतेय. तिथूनच खालच्या भाऊजींना ओरडून सांगतेय, रिकामी खोली कशाला ठेवायची, भाड्याने देऊ. मी हाका मारल्या. तिचा हात धरला—
थांबली. वळली. माझ्याकडे नाही, कपाटाच्या जागेकडे बघतेय. तिलाही आता दार— ताई, नको, त्यातून परत येता येत