बापूंचं व्हय, बापूंचं न्हाई

११ नोव्हेंबर, मिरज
बापूंना डिस्चार्ज. मेंदूच्या झटक्यातून वाचले, चालतात. बोलणं गेलं. कागदावर शब्द: अफेजिया. दादा म्हणाला, कडेगावला, गावच्या घरी नेतो. मी म्हटलं, स्पीच थेरपी तिथे कुठली? सध्या माझ्याकडे, साताऱ्यात.

१४ नोव्हें.
अंगणात फेऱ्या मारताना बापू एकदम, ‘एक दो एक, एक दो एक!’ स्पष्ट. मी धावत बाहेर गेले. पण पाणी हवं होतं तर शब्द सापडेना. बापू जुने फौजी, पलटणीतली मोजणी शाबूत. थेरपिस्ट बाई म्हणतात, घोटलेलं टिकतं.

१९
दादा आला. “बापू, हितं ऱ्हायचं हाय का?”
“न्हाई.”
“ऐकलंस न्हवं, सुमे? सोत्ताच्या तोंडानं सांगत्यात.”
रविवारी गाडी आणतो म्हणाला. भांडी घासताना रडू आलं. जाऊ दे.

२०
कोश काढला. शब्द ग्रीक. ‘अ’ आपल्यासारखाच, नसण्याचा. ‘फासिस’ म्हणजे बोलणं, ठाम विधान. आजाराला हे नाव फार नंतर मिळालं. त्याआधी काही ग्रीक तत्त्वज्ञ कशालाच हो म्हणायचे नाहीत, नाहीही म्हणायचे नाहीत. त्याला ते अफासिया म्हणत. त्यांचं ते ठरवून. आणि बापूंचं ते ‘न्हाई’?

२१
“बापू, च्या पायजे?” “न्हाई.” कप उचलला तर मनगट धरलं, सगळा प्यायले.
“तुमी कलेक्टर हाय व्हय?” “व्हय.”
“मग दादाची बदली करा की गडचिरोलीला.” हसले!
थेरपिस्टना फोन. हो-नाहीची अदलाबदल होते, पण दर वेळी नाही. तोंडी विचारू नका, दाखवा.
दादाला कळवलं. “तुला नको तेवढंच उलटं व्हय गं?”
झोंबलं. बापू ‘व्हय’ म्हणाले असते तर मी कुणाला फोन केला असता? नसताच.

२३, रविवार
दादा आला. बापूंपुढे दोन फोटो ठेवले, माझ्या घराचा आणि कडेगावच्या घराचा. ठरलं होतं, कुणी बोलायचं नाही.
बापूंनी कडेगावचा उचलला. दादा बापूंची पिशवी घेऊन उठलाच. मी मान खाली घातली.
मग दिसलं. त्या फोटोत ओट्यावर आई बसलेली. जाऊन तीन वर्षं झाली. बापूंचा अंगठा तिच्यावरून फिरत होता. नुसता फिरत होता.
दादाने पिशवी खाली ठेवली. “आता ह्येचा अर्थ काय लावायचा, सुमे?”
दारात गाडी चालूच होती. तो जाऊन बंद करून आला.